नापास होण्याची सोय

दलित आत्मकथनांची समीक्षा करताना आपण बरेच प्रश्न विचारले. हे वाङ्मय की नुसता सामाजिक दस्तऐवज? याला आत्मचरित्र म्हणायचे की आत्मकथन? यातला विद्रोह खरा किती आणि कण्हणे किती? प्रस्थापित समीक्षकांनी तर आणखी एक विचारला, की एकदा सगळे सांगून झाल्यावर हा लेखक दुसरे पुस्तक कशावर लिहिणार? या प्रश्नांना उत्तरे देण्यात आपल्या दोन पिढ्यांची शाई खर्ची पडली. पण एक साधा प्रश्न मात्र राहूनच गेला. या पुस्तकांच्या पन्नासाव्या पानावर असलेला दहा-बारा वर्षांचा पोरगा दीडशेव्या पानावर बायको, नोकरी, चळवळ आणि संताप घेऊन उभा असतो. मधली सात-आठ वर्षे त्याला कोणी पार करून दिली?

समीक्षा म्हणते, संघर्षाने. मला हा शब्द आता फार सोपा वाटू लागला आहे. संघर्ष भाकरी देत नाही, फी भरत नाही, आणि रात्री पोरगा उशिरा आला तर दार उघडत नाही. हे करणारी माणसे असतात. ती पुस्तकात आहेत, आपण ती 'पार्श्वभूमी' म्हणून ओलांडून गेलो.

मानसशास्त्राच्या पुस्तकांत या वयाला पौगंडावस्था म्हणतात. आपल्या वस्तीत हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. आपल्याकडे दोनच वाक्प्रचार होते. पोरगा 'हाताशी आला' आणि पोरगी 'वयात आली'. शेतकऱ्याचा मुलगा हाताशी येतो तेव्हा बापाला विसावा मिळतो. आपला पोरगा हाताशी आला म्हणजे बलुत्याच्या, वेठबिगारीच्या, पुढे गिरणीच्या आणि गोदीच्या कामाला आणखी दोन हात मिळाले. पोरगी वयात आली म्हणजे 'उजवायची'. हे दोन्ही शब्द त्या मुलाबद्दल काही सांगत नाहीत, त्याचा उपयोग काय ते सांगतात. मूल आणि मोठा माणूस यांच्यामध्ये काही काळ असतो, त्या काळात चुकायला, वळायला, परत यायला जागा असते, ही कल्पनाच जातिव्यवस्थेने आपल्या वाट्याला येऊ दिली नाही. जन्मानेच ज्याचे काम ठरले आहे त्याला मोठे होण्यासाठी वेळ कशाला हवा?

हा मधला काळ ज्यांच्याकडे असतो त्यांचे साहित्य कसे दिसते, हे पाहायचे असेल तर भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' (1963) पाहावी. पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला कॉलेजात येतो, वसतिगृहात राहतो, मेस चालवतो, पैसे उधळतो, परीक्षेत आपटी खातो आणि शेवटी गावी परततो. या कादंबरीने मराठी गद्याला नवे वळण दिले, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो आणि ते खरेच आहे. पण मागच्या बाकावर बसलेला आमचा मुलगा ती कादंबरी वाचून मला विचारतो, "सर, याला घरी कोणी मारले नाही का?" हा विनोद नव्हे. तो त्या कादंबरीच्या पायावर नेमके बोट ठेवतो. पांडुरंगाचे वडिलांशी पटत नाही, त्यांच्या व्यवहारीपणाचा त्याला वीट आहे. पण पैसे त्यांचेच आहेत आणि तो परत येतो तेव्हा घर आणि शेत जागेवर आहे. त्याच्या साऱ्या अर्थशून्यतेखाली ती जमीन पसरलेली आहे. पांडुरंगाला वाया जाण्याची सोय आहे. कादंबरीचे मोठेपण याने कमी होत नाही. पण या सोयीचा उल्लेख 'कोसला'वरच्या ढीगभर समीक्षेत मला फारसा आढळत नाही, कारण लिहिणाऱ्यांनाही ती होतीच.

आमच्या पुस्तकांत ही सोय शोधायला गेले की पहिल्यांदा काहीच सापडत नाही. एक वर्ष गेले की शाळा गेली, शाळा गेली की वडिलांचे काम अंगावर आले. म्हणून या आत्मकथनांत 'मी पास झालो' हे वाक्य सुटकेच्या हुकुमासारखे येते. आणि म्हणूनच त्यांच्यातली एक मोठी उणीव आपल्या ध्यानात येत नाही. आत्मकथन लिहिणारा हा पास झालेला असतो. जो सातवीत बसला, दहावीला गणितात गेला, बोर्डिंगमधून पळाला, त्याने पुस्तक लिहिले नाही. तो त्याच पुस्तकात भाऊ म्हणून, चुलतभाऊ म्हणून, एका परिच्छेदापुरता मित्र म्हणून येतो आणि हमालीला, गिरणीला, दारूला निघून जातो. आपण वाचतो ती वाचलेल्यांची साक्ष आहे. ती खोटी नाही, पण पुरी नाही.

हे दया पवारांना कळले होते असे मला वाटते. 'बलुतं' (1978) मध्ये त्यांनी स्वतःला दोन केले आहे. एक दगडू मारुती पवार आणि दुसरा दया पवार. पुस्तकाच्या सुरुवातीलाच हे दोघे समोरासमोर येतात आणि दगडू आपली कहाणी दुसऱ्याला सांगतो. या योजनेकडे समीक्षकांनी निवेदनतंत्र म्हणून पाहिले. मला ती त्या मधल्या काळाची जखम वाटते. मोठ्या झालेल्या, कचेरीत जाणाऱ्या, कवी म्हणून नाव मिळवलेल्या माणसाला आपला पोरगा आत सामावून घेता आलेला नाही. तो बाहेरच उभा आहे, कावाखान्याच्या वाटेवर. ज्याला सावकाश मोठे होऊ दिले त्याला असे दुभंगावे लागत नाही. कावाखान्यातल्या बाया कागद-चिंध्या वेचून संसार ओढत होत्या. दगडूची आई त्यांच्यातली. बाप गोदीत काम करणारा, दारूने खचलेला. या घरातून एक मुलगा शिकला, या वाक्यात 'मुलगा' हा कर्ता आहे. माझे म्हणणे एवढेच, की हे वाक्य आईला कर्ता करून लिहावे आणि मग पुस्तक पुन्हा वाचावे.

शरणकुमार लिंबाळे यांची 'अक्करमाशी' (1984) अशी वाचली तर काय दिसते? या पुस्तकावरची चर्चा बापाच्या नावाभोवती फिरते, आणि ते साहजिक आहे. पाटील बाप नाव देत नाही, म्हणून शाळेच्या कागदापासून लग्नाच्या बोलणीपर्यंत पोराला प्रत्येक दारात अडवले जाते. मोठे होणे म्हणजे या मुलाला दर टप्प्यावर बापाचे नाव विचारले जाणे. पण ज्यांनी त्याला वाढवले ते दोघे कोण? आजी संतामाय, आणि तिच्याबरोबर राहणारे महमूद दस्तगीर जमादार. नवरा-बायको नव्हेत, एका जातीचे नव्हेत, एका धर्माचेही नव्हेत. तो एस. टी. स्टँडवर हमाली करणारा मुसलमान माणूस, त्याचे या मुलाशी रक्ताचे, जातीचे, कायद्याचे कसलेही नाते नाही. ज्याचे रक्त आहे तो गावात प्रतिष्ठेने राहतो आणि ज्याचे काही नाही तो रात्री पोराच्या पोटाची चिंता करतो. दलित समीक्षेने हिंदू कुटुंबव्यवस्थेवर पुष्कळ प्रहार केले. त्या व्यवस्थेला पर्यायी असे, पोर सांभाळणारे एक घर आपल्याच वाङ्मयात एस. टी. स्टँडच्या आडोशाला उभे होते. त्याच्यावर स्वतंत्र लेख लिहावा असे किती जणांना वाटले? जमादारांचे नाव आपल्या विद्यार्थ्यांना माहीत नसते, हणमंता पाटलाचे असते. परीक्षेत प्रश्नही त्याच्यावरच येतो.

लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त (1987) पोराला शाळेत घालणे हा घरातला निर्णय असला तरी त्याची किंमत साऱ्या जमातीकडून वसूल केली जाते. वस्तीतल्या लेकरांना हगवण-ओकारी लागते तेव्हा दोष शाळेत जाणाऱ्या लक्ष्मणला दिला जातो. याला अंधश्रद्धा म्हणून हसू नये. जी जमात चोरीवर जगते, जिला 1871 च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि 1952 साली तो कायदा उठल्यावरही पोलिसांनी सोडले नाही, तिच्या दृष्टीने शाळेत जाणारा पोरगा हा कमाईतून निघून गेलेला हात आहे. शिवाय तो परका होऊन येणार हेही त्यांना बरोबर कळते. अशा वेळी बाप ठाम राहतो. त्या बापाकडे समुपदेशनाचे ज्ञान नव्हते, पुढे काय होणार याचा अंदाज नव्हता. जे होते ते म्हणजे साऱ्या वस्तीचे बोलणे आपल्या अंगावर घेऊन मुलाला आड ठेवण्याची ताकद. आणि त्या घरातली चूल? ती इतरांच्या चोरीवर पेटत होती. म्हणजे एकाच्या पाटी-पेन्सिलीमागे दुसऱ्यांच्या पाठीवरचे पोलिसांचे वळ आहेत. पुढे लक्ष्मण लातूरच्या सूतगिरणीत कामाला लागतो, संघटना करतो. त्याला आपण कार्यकर्ता म्हणतो. वळ सोसणाऱ्यांना आपण काय म्हणतो?

लक्ष्मण मान्यांचा 'उपरा' (1980) मला या विषयासाठी सर्वांत अवघड वाटतो, कारण तेथे आधार देणाऱ्यांची मर्यादाही उघडी पडते. गाढवांवर बिऱ्हाड घालून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी बापाने मुलाच्या शिक्षणाचा हट्ट धरला. आज या गावात, उद्या त्या गावात, तरी शाळा सोडायची नाही. हे करायला काय लागत असेल, हे एकाच घरात राहून शिकलेल्याला उमगणार नाही. पण तोच मुलगा मोठा होऊन आपल्या मनाने मराठा मुलीशी लग्न करतो तेव्हा जात आणि जातपंचायत त्याला उपरा करते. येथे एक कडू गोष्ट आहे. मुलाने शिकावे, साहेब व्हावे इथपर्यंत घर त्याच्याबरोबर चालते. शिकल्यावर त्याने स्वतः ठरवावे, येथे घराचे पाय थबकतात. खरे पाहता मोठे होणे म्हणतात ते हेच, स्वतः ठरवणे. मुलगा आपले ऐकतो तोपर्यंत दिलेला आधार हा थोडासा गुंतवणुकीसारखा असतो. तो ऐकत नाही त्या दिवशी आधाराची परीक्षा होते.

अशी परीक्षा एका घरात कशी झाली हे आपल्या सर्वांना माहीत आहे, तरी आपण ते या दृष्टीने पाहत नाही. सुभेदार रामजी सकपाळ परळच्या चाळीत एका खोलीत कुटुंब घेऊन राहिले. भीमरावाला पहाटे दोन वाजता अभ्यासाला उठवत, पुस्तकासाठी पैसे नसले तर लग्न होऊन गेलेल्या मुलींकडे जाऊन त्यांचे दागिने मागत आणि गहाण टाकत. 1907 साली मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले आणि पुढे बडोद्याच्या शिष्यवृत्तीसाठी खटपट केली. आपल्या सभांत हे सारे बाबासाहेबांच्या तेजाचे अलंकार म्हणून सांगितले जाते. मला त्यात दिसतात त्या दोन बहिणी. त्यांच्या अंगावरचे दागिने गेले, त्यांच्या सासरी काय बोलणी बसली असतील? त्यांना कोणी मॅट्रिक केले नाही. आणि दिसतात ते रामजी, बी. ए. झाल्यावर मुलाने बडोद्याला नोकरीस जाऊ नये असे वाटणारे. जातीचा जाच तेथे काय असेल हे त्यांना कळत होते. मुलगा गेला. वडिलांनी त्याला जाऊ दिले, आणि फेब्रुवारी 1913 मध्ये त्यांचा मृत्यू झाला. ज्याने पहाटे दोनला उठवले त्यानेच नको असलेल्या वाटेवर जाऊ दिले. या दुसऱ्या गोष्टीवर आपल्याकडे एक पोवाडा नाही.

मुलींच्या बाबतीत हा सारा हिशेब वेगळाच होतो. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (1986) मध्ये मधला काळ जवळजवळ नाहीच. आठ-नऊ वर्षांची पोर लग्न होऊन जाते, सासू तिला अंधारात जात्यावर बसवते, भाकरी नीट जमली नाही की छळ सुरू होतो. आणि बेबीताई हे सांगताना सासूला नुसती दुष्ट म्हणून सोडत नाहीत. तीही एकेकाळी अशीच पोर होती, तिला कोणी सांभाळले नाही, म्हणून तिच्या हाती अधिकार आला तो असा. गुलामाच्या घरात गुलामी कशी फिरते, याचे इतके नेमके निदान दलित पुरुषांच्या आत्मकथनांत मला सापडलेले नाही. त्यांनी स्वतः हे लेखन कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. प्रौढ, चळवळीतल्या बाईला लिहायला लपावे लागते, तर वयात येणाऱ्या मुलीला किती गोष्टी लपवाव्या लागत असतील!

शांताबाई कांबळे यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा' (1986) मधली नाजा शिकते, शिक्षिका होते, आणि नवऱ्याने दुसरी बायको केल्यावर माहेरी परत येते. माहेर तिला घेते. हे मी 'कोसला'च्या शेवटाशेजारी ठेवतो. पांडुरंग परततो ते वडिलांच्या मालमत्तेकडे. नाजा परतते ती ज्यांच्याकडे मालमत्ता नाही त्यांच्याकडे. त्या घरात एक तोंड वाढणे म्हणजे प्रत्येकाच्या भाकरीतला तुकडा कमी होणे, शिवाय लोकांची बोलणी वेगळी. तरी दार उघडते. परत येण्याची सोय ही जमिनीनेच होते असे नाही, हे या शेजारणीमुळे मला कळले.

उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (2003) आई दिवसभर बांबूच्या टोपल्या, सुपे विणते. वडील लवकर गेले, मुलांनी शिकावे ही त्यांची इच्छा तिने पाटीसारखी उराशी धरली. ती मुलीशी गोड बोलत नाही. उलट विणलेली आयदाने वरच्या जातीच्या घरी पोचवायला पाठवते, आणि मुलीला त्याची लाज वाटते. साने गुरुजींच्या श्यामला आईने जे दिले ते संस्कार होते, गोष्टीच्या शेवटी हाती येणारे. आयदानवाल्या आईकडून तसे काही हाती येत नाही. तिने मुलीला विणकामातून वगळले नाही आणि शाळेतूनही काढले नाही, एवढेच. मुलगी पुढे लिहिताना आपल्या लिहिण्याचे नाते आईच्या विणण्याशी जोडते, ते फार वर्षांनी. त्या वयात तिला आईचा रागच येत होता, आणि तो पुस्तकात आहे तसा आहे. ज्या मुलाला आधार मिळतो त्याला त्या वेळी तो आधार वाटत नाही, हे सांगण्याचा प्रामाणिकपणा थोड्याच पुस्तकांत आहे. याच लेखिकेने वयात येणाऱ्या मुलीच्या शरीराबद्दल उघडपणे लिहिले. पुरुष आत्मकथनकारांनी भुकेबद्दल जितके लिहिले तितके या वयातल्या भयाबद्दल लिहिले नाही.

कुमुद पावडे यांचा 'अंतःस्फोट' (1981) तर आपल्या या विषयाला वेगळीच कलाटणी देतो. नागपूरची महार मुलगी संस्कृत शिकते. शाळेत तिला गोखले गुरुजी भेटतात, दिसायला सनातनी, पण शिकवताना भेद न करणारे. पुढे ती एम. ए. होते, आणि तरी नोकरी मिळत नाही. कुणबी-मराठा तरुणाशी लग्न होऊन आडनाव बदलते, तेव्हा सरकारी महाविद्यालयात नेमणूक होते. लेखिका स्वतःच बजावते की ही नोकरी कुमुद सोमकुवरला मिळाली नाही, कुमुद पावडेला मिळाली. येथे घराने आपले काम केले, गुरुजींनी केले, मुलीने तर दुप्पट केले. कमी पडले ते बाहेरचे दार. आज शाळा-कॉलेजांतून 'किशोरवयीन मार्गदर्शन' या नावाखाली जी व्याख्याने होतात त्यांत मुलाने ध्येय ठेवावे, पालकांनी मित्र व्हावे, असे सांगतात. कुमुद सोमकुवरला ध्येय कमी नव्हते. या व्याख्यात्यांना मी एवढेच विचारतो, की मुलगा दारापर्यंत पोचला आणि दार आडनाव विचारू लागले, तर पालकाने कसा मित्र व्हावे?

म्हणून घराइतकीच मला बोर्डिंगची चर्चा महत्त्वाची वाटते. आपल्या साहित्यात बोर्डिंग हे नुसते स्थळ नाही, ते दुसरे घर आहे, कधी पहिलेच. शाहू महाराजांनी 1908 साली कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उघडले. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने पहिल्या कामांत 1925 साली सोलापूरला वसतिगृह काढले. 1950 साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघाले तेव्हा मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांना वर्गाइतकीच राहण्याची जागा लागत होती. चवदार तळ्याच्या आधी वसतिगृह आहे, हा क्रम आपण ध्यानात घेत नाही. सतरा वर्षांच्या मुलाला झोपायला जागा, दोन वेळचे जेवण आणि त्याच्यासारखीच आणखी चाळीस मुले दिली की अर्धे काम होते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. दलित साहित्याची पहिली पिढी या बोर्डिंगांतून आणि कॉलेजांतून आली. प्र. ई. सोनकांबळे लहानपणीच पोरके झाले, बहिणीच्या आसऱ्याने वाढले आणि औरंगाबादला पोचले. 'आठवणींचे पक्षी' (1979) ही त्या वाटेची नोंद आहे.

पण बोर्डिंगचीही एक अट होती आणि आहे. पास व्हा. 1944 साली सुरू झालेल्या भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीने आपल्या समाजाचा कायापालट केला, यात वाद नाही. तरी मुलगा नापास झाला की शिष्यवृत्ती अडते आणि वसतिगृहातली जागा जाते, हे मी इतक्या वर्षांत इतक्यांदा पाहिले आहे की निकालाच्या दिवशी मला पहिल्या आलेल्यापेक्षा गेलेल्यांची यादी आधी हवी असते. 2016-17 पासून वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आली, तिलाही गुणांची अट. ज्या मुलाच्या घरात त्या वर्षी बाप आजारी होता, ज्याने रात्री केटरिंगमध्ये ताटे उचलली, त्याचेच गुण कमी पडतात आणि त्याचाच आधार आधी काढून घेतला जातो. शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्याने आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचे नाही असे ठरवले होते, 2019 च्या दुरुस्तीने पाचवीत आणि आठवीत पुन्हा नापास करण्याची मुभा राज्यांना दिली. शिक्षकांच्या खोलीत या दुरुस्तीचे स्वागतच झाले. दर्जा घसरला म्हणे. कोणाच्या मुलांना नापास होणे परवडते हा विषय तेथे निघाला नाही.

आणि पास होऊन, विद्यापीठात पोचूनही ही अट सुटत नाही. हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला संशोधन करत होता. शिवणकाम करून आईने वाढवलेला मुलगा. महिनोन् महिने विद्यावेतन थांबलेले, वसतिगृहातून काढलेले, उघड्यावर बसलेले, आणि 17 जानेवारी 2016 ला तो गेला. त्याच्यावर झालेली चर्चा राजकीय होती आणि ती तशीच व्हायला हवी होती. मी फक्त एवढे नोंदवतो, की संस्थेने त्याच्याकडून काढून घेतलेल्या दोन गोष्टी, म्हणजे पैसे आणि खोली, या त्याच दोन होत्या ज्या 1925 साली सोलापूरला देऊन आपली सुरुवात झाली होती.

माझ्या या वाचनावर एक आक्षेप येईल, आणि तो आपल्याच मित्रांकडून येईल. ते म्हणतील, की तुम्ही दलित साहित्याला पुन्हा घरात, मायेत, आईच्या पदरात ढकलता आहात. विद्रोहाची धार यामुळे बोथट होते. पांढरपेशांना हेच हवे आहे. आक्षेपात तथ्य असते, जर मी या माणसांना देव्हाऱ्यात बसवले असते. तसे मी करत नाही आणि पुस्तकेही करू देत नाहीत. ही माणसे पोरांना मारतात, शिव्या देतात, त्यांना ऊस-कणसे आणायला पाठवतात, लवकर लग्न लावतात, मुलाला शाळेत घालतात आणि त्याच घरातल्या मुलीला शेण गोळा करायला. माया हा शब्द मी वापरत नाही. मी विचारतो ते साधनांबद्दल. भाकर कोणाची, खोली कोणाची, मार कोणी खाल्ला, वर्ष फुकट गेले तर कोणी सांभाळले. हा प्रश्न विद्रोहाला बोथट करतो की विद्रोह कशाच्या बळावर झाला हे दाखवतो? ज्याच्या मागे परतायला एकही घर नाही तो सहसा विद्रोह करत नाही, तो मुकादमाचे ऐकतो.

दुसऱ्या बाजूला नरेंद्र जाधवांचे 'आमचा बाप आन् आम्ही' (1993) आहे. निवृत्तीनंतर बापाला लिहायला बसवणे आणि त्याच्या शब्दांत त्याची हकीगत छापणे, ही या पुस्तकाची खरी मोठी गोष्ट. आधार देणारा येथे स्वतः बोलतो, आणि पुस्तकाच्या नावात तो आधी येतो. पण आपण या पुस्तकाचे काय केले? ते बक्षीस समारंभात वाटण्याचे पुस्तक केले. पहिल्या आलेल्याला ते देतात, आणि ज्याला बेचाळीस टक्के पडले तो लांबून पाहतो. गोदीतल्या बापाची सगळी मुले मोठी झाली, मग तू का नाही, असा त्याला त्याचा अर्थ लागतो. हा दोष पुस्तकाचा नाही. आपल्या वस्तीत यशाची गोष्ट सांगण्याची जी एकच रीत पडली आहे तिचा तो दोष आहे. माझ्या पाहण्यातल्या एका मुलाने बारावीला दोनदा अपयश आल्यावर घरातून बाबासाहेबांची तसबीर काढून मामाकडे नेऊन ठेवली. तिच्यासमोर बसून जेवताना घास उतरत नाही म्हणाला. मामा गवंडीकाम करणारे. त्यांनी तसबीर ठेवून घेतली, काही बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी भाच्याला कामावर न नेता तिसऱ्यांदा फॉर्म भरायला पैसे दिले. हे मामा कोणत्याही आत्मकथनात येणार नाहीत, कारण तो मुलगा आज एका दुकानात हिशेब लिहितो, पुस्तके लिहीत नाही.

अशा लोकांचे लेखन यावे असे मला फार वाटते. बोर्डिंगमध्ये भाकऱ्या भाजणाऱ्या बाईचे, हातावर पोट असून भावाची फी भरणाऱ्या बहिणीचे, दहावीला बसलेल्या आणि तेथेच थांबलेल्या भावाचे. लिहिता येत नसेल तर आपल्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे जाऊन उतरवून घ्यावे. एम. ए.च्या प्रबंधिकांसाठी 'दलित आत्मकथनांतील विद्रोह' हा विषय किती वर्षे पुरवायचा? सोनकांबळ्यांच्या बहिणीने त्या पोरक्या भावाला घरात घेताना सासरी काय ऐकले, तिला तेव्हा काय वाटत होते, हे आजही आपल्याला फक्त तिच्या भावाकडून कळते.